वाढप्याचं ताट

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

युनिटेरियन, म्हणजे कुठल्याच मताची सक्ती न करणाऱ्या उदार पंथाच्या, चर्चात मुलांच्या धर्मशिक्षणासाठी तुझी नेमणूक झाल्याचं कळलं, आनंद झाला. "चर्चात नोकरी? बाटलीस की काय?" असं पुण्याच्या आत्याने विचारल्याचंही कळलं. मला हेच मामांनी विचारलं होतं. आत्याला विठ्ठल रामजी शिंद्यांची आठवण करून दे. १९०१ साली ते युनिटेरियन लोकांच्याच शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करायला गेले आणि १९०३ साली परत येऊन प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. आत्याचं समाधान होईल असं नाही, पण निदान विषय बदलेल.

पहिल्या वर्षी कोणते कोर्स करू, असं विचारलंयस. आधी माझी फजिती ऐक.

सात-आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग होता. चॅलिसमधला, म्हणजे उपासनेत ज्योत लावतात त्या पेल्यातला, बॅटरीचा दिवा नुकताच लावला होता. एका मुलाचा हॅमस्टर त्या आठवड्यात मेला होता. त्याने विचारलं, "तो आता कुठे आहे?" मी लहानपणी आजीकडून ऐकलेलं सगळं धडाधड सांगून मोकळी झाले: आत्मा, पुनर्जन्म, नवं शरीर. तो सुकलेल्या ग्लू स्टिकचं टोपण उघडत-लावत ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तो आता दुसऱ्या कुणाचा झाला?" आणि जो रडायला लागला तो आई घ्यायला येईपर्यंत. आईने सांगितलं, त्याने हॅमस्टरला बुटांच्या खोक्यात पुरलं होतं आणि भूक लागेल म्हणून सोबत सूर्यफुलाच्या बिया ठेवल्या होत्या. ते त्याला वर्गात सांगायचं होतं. मी विचारलंच नाही.

आणि गंमत बघ, मुलांवर आपल्या मनाचा ठसा मारायचा नाही, त्यांचं मन जागं करायचं, हे युनिटेरियन धर्मोपदेशक चॅनिंगनी १८३७ सालीच सांगून ठेवलंय आणि मला ते पाठ होतं. पाठ असलेलं ऐन वेळी उपयोगी पडत नाही. त्यासाठी शेजारी कुणीतरी लागतं, जे सोमवारी विचारील, "तो विचारत होता तेव्हा तुझ्या पोटात काय झालं?" मला मरणाची भीती वाटत होती, म्हणून मी इतकं बोलले. हे कळायला मला एक मेंटर आणि सहा महिने लागले.

तर आधी मेंटर शोध, आणि तो तुझ्या चर्चच्या मंडळीबाहेरचा असू दे. तुमच्या मिनिस्टर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, कितीही प्रेमळ असल्या तरी तुझ्या वार्षिक मूल्यमापनात त्यांचा शब्द असणार. त्यांच्यापुढे मोकळं रडता येत नाही. लिरेडाच्या, म्हणजे आपल्या धर्मशिक्षकांच्या संघटनेच्या, तुमच्या भागातल्या शाखेत जा. तिथे तुझ्यासारखेच लोक भेटतील, सकाळी सात वाजता "आज जमत नाही" असा स्वयंसेवकाचा मेसेज आलेले. एका खोलीत दोन मोठी माणसं हवीतच, या नियमापायी आयत्या वेळी कुणाकुणाला पकडून आणायचं, त्याच्या युक्त्या त्यांच्याकडेच मिळतील.

मग रेनेसाँ मॉड्यूल, म्हणजे धर्मशिक्षकांसाठीचा छोटा कोर्स, कर. त्याची फी आणि प्रवासखर्च करारात लेखी मागून घे, आत्ताच. तोंडी आश्वासनावर मी तीन वर्षं स्वतःच्या खिशातून खर्च केला. क्रेडेन्शिअलची, म्हणजे धर्मशिक्षकाच्या अधिकृत प्रमाणपत्राची, मात्र घाई नको. सोफिया लायन फाहस साठीच्या आसपास, १९३७ साली, अमेरिकन युनिटेरियन असोसिएशनच्या बालशिक्षणाच्या पुस्तकांच्या संपादक झाल्या आणि मिनिस्टर म्हणून त्यांना दीक्षा मिळाली १९५९ साली, वयाच्या ८२व्या वर्षी. तुझं वय काय?

आणखी एक. मुलं पहिल्या पंधरा मिनिटांनी सभागृहातून बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे तूही. म्हणजे प्रवचन तुला कधीच ऐकायला मिळत नाही. वाढपी पंगतीत शेवटी बसतो हे ठीक, पण बसतो ना? महिन्यातून एकदा दुसऱ्या मंडळीत जाऊन मागच्या बाकावर बस. तिथे कुणी स्वयंसेवक हवेत म्हणालं तर हात वर करू नकोस. तू करशील, मला माहीत आहे.

गुरुवारी रात्री फोन कर. या रविवारी मुलांनी काय काय विचारलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेव. तू काय उत्तरं दिलीस ते मागाहून बघू.

तुझी,
मावशी