ऊसतोडीत बायकोच्या कामाची मजुरी वेगळी का मिळत नाही?

कारण मुकादम, म्हणजे तोडीला मजूर नेणारा ठेकेदार, माणूस मोजत नाही, कोयता मोजतो. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड-धारूरकडं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दोघांच्या जिवावर ठरते, पण पैसे बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडतात आणि पुढं टनावारी मजुरीतून फिटतात. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते, वर भाकरीही तिनंच थापायची! खाडा पडला की दंड. तरुणपणीच गर्भपिशवी काढण्यामागं ही धास्ती हे एक कारण. बीडच्या अशा प्रकरणांवर २०१९ मध्ये सरकारनं चौकशी समिती नेमली होती. समान कामाला समान वेतन १९७६ पासून कायद्यात आहे, पण तिचा हिशोबच वेगळा नसेल तर तुलना कशाशी करणार? अर्ध्या कोयत्याचं मात्र निराळं: एकटं माणूस गेलं तर हिशोब त्याचा त्याला.