माळ्यावरची रात्र आणि ‘देवाघरी’ गेलेले आजोबा

ताई, २२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला तेव्हा मुलगा चार वर्षांचा होता. आम्ही माळ्यावर अडकलो होतो. अजूनही पावसाचा जोर वाढला की तो दप्तर उशाशी घेऊन जागत बसतो. ‘काही होत नाही’ म्हटलेलं पटत नाही.

पटणार कसं? वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलेलं त्यानं पाहिलंय. काही होणार नाही, हे आपल्या हातात नाही आणि ते त्याला कळतं. त्यापेक्षा पाणी चढलं तर काय करायचं, ते त्याच्यासोबत बसून ठरवा. वर कोणाकडे जायचं, कागदपत्रांची पिशवी कुठे ठेवायची, नदीची बातमी कोण बघणार. एक काम त्याच्याकडेच द्या, बॅटरी चार्ज आहे का हे पाहण्याचं. उशाशी दप्तर ही त्याची तयारी आहे, तिला कुणीही हसू नये. झोप किंवा शाळा बिघडत असेल तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.

साडेचार वर्षांच्या नातीला ‘आजोबा झोपलेत, देवाघरी गेलेत’ असं सांगितलं. आता ती झोपायलाच घाबरते.

आजी, तिनं तुमचा शब्द न् शब्द खरा मानलाय. या वयात मरण कायमचं असतं हे उमगत नाही. सरळ सांगा: आजोबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं, आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत. झोपलेलं माणूस उठतं, हेही सांगा. ती उद्या पुन्हा विचारेल, परवाही विचारेल. उत्तर तेच द्या, न चिडता. देवाघराबद्दल तुमची श्रद्धा असेल तर तीही सांगा, पण त्यानंतर. आणि तिनं विचारलं नाही तरी एक सांगाच: ‘तुझ्यामुळे काही झालं नाही.’ आजोबांशी कट्टी केली म्हणून ते गेले, असं लहान मुलं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत.

हे गेल्यावर चौथ्याच दिवशी अकरा वर्षांचा मुलगा क्रिकेट खेळायला गेला. नातेवाईक नावं ठेवतात.

खेळू द्या. मुलांचं दुःख तुकड्यातुकड्यानं येतं, मधे त्यांना खेळ लागतो. ‘आता तूच घरातला कर्ता’ म्हणणाऱ्यांना मात्र तिथल्या तिथे थांबवा. त्याच्यासमोर तुम्हाला रडू आलं तर येऊ दे. बाबांचा विषय तो कदाचित रात्री दिवा मालवल्यावर काढेल. तेव्हा सकाळच्या डब्याची तयारी राहिली तरी चालेल.