मॅसॅच्युसेट्समध्ये चार्टर शाळेवर देखरेख कोणाची असते? गावाची की राज्याच्या शिक्षण मंडळाची?

तुम्ही विचारलंय ते असं: मार्लबरोत नव्याने राहायला आलात, मुलीचं नाव चार्टर शाळेच्या सोडतीत लागलं, पण ही शाळा सरकारी की खासगी, तिच्यावर लक्ष कोण ठेवतं आणि उद्या काही बिनसलं तर जायचं कुणाकडे, हे कुणी धड सांगत नाही. मी इथे बरीच वर्षं राहतोय आणि राज्याच्या शिक्षण मंडळाच्या बैठका नेमाने ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

शाळा सरकारीच आहे. चार्टर म्हणजे शाळा चालवण्याचा मुदतीचा परवाना, आणि तो घेऊन चालते ती चार्टर शाळा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, देणगी नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढायची, असा कायदाच आहे. सोडतीत शाळेच्या ठरलेल्या गावांतल्या मुलांना आणि आधीच शिकत असलेल्यांच्या भावंडांना प्राधान्य मिळतं. तुमच्या भागातल्या गणित-विज्ञानाच्या चार्टरमध्ये मार्लबरो, हडसन, क्लिंटन आणि मेनार्डच्या मुलांचा नंबर आधी लागतो, तो यामुळेच. श्रूजबरी-वेस्टबरोतले आपले लोक तिथल्या जागेसाठी ताटकळतात, तेही यामुळेच.

मात्र ही शाळा मार्लबरोच्या निवडून आलेल्या स्कूल कमिटीच्या हाताखाली येत नाही. गावचा सुपरिंटेंडंट, म्हणजे गावच्या शाळांचा प्रमुख अधिकारी, तिथल्या मुख्याध्यापकांना साधा आदेशही देऊ शकत नाही. शाळा चालवतं तिचं स्वतःचं विश्वस्त मंडळ, आणि ते थेट राज्याला बांधील असतं. अमेरिकेत हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात चार्टर बहुतेक वेळा स्थानिक डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावच्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, देतं. मॅसॅच्युसेट्समध्ये तो अधिकार फक्त राज्याच्या शिक्षण मंडळाला आहे. ‘होरेस मान’ नावाचा एक वेगळा प्रकार आहे, त्याला गावच्या स्कूल कमिटीची मंजुरी लागते, पण शेवटची सही तिथेही राज्याचीच.

बोर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहावी-बारावीच्या परीक्षा घेणारं पुण्याचं बोर्ड येतं. इथलं मंडळ ११ जणांचं असतं. बहुतेकांना गव्हर्नर नेमतो, आणि एक खुर्ची चक्क शाळेत शिकणाऱ्या विद्यार्थ्याची असते. शाळांचे नियम ठरवणं, कमिशनर म्हणजे राज्याच्या शिक्षण खात्याचा प्रमुख निवडणं, चार्टर देणं आणि काढून घेणं, फारच बिघडलेल्या डिस्ट्रिक्टचा कारभार ताब्यात घेणं ही त्याची कामं. रोजचं काम कमिशनरच्या हाताखालचं खातं बघतं.

या सगळ्याचं मूळ १९९३ मध्ये आहे. गरीब गावांतल्या मुलांच्या वतीने लढलेल्या एका खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या जूनमध्ये निकाल दिला की प्रत्येक मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी शेवटी राज्याची आहे, ती गावावर ढकलून राज्याला मोकळं होता येणार नाही. आधार होता १७८० च्या राज्यघटनेचा. निकालाला आठवडा व्हायच्या आत शिक्षण सुधारणेच्या कायद्यावर सही झाली. गरीब गावांना वाढीव पैसा, राज्यभर एकच परीक्षा आणि चार्टर शाळा, तिन्ही त्याच कायद्यातून आलं. पैसा राज्य देणार, तर हिशोबही राज्य मागणार, असा तो सौदा होता.

आता चार्टरचा हिशोब कसा घेतात ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा तोच आहे. चार्टर पाच वर्षांचं मिळतं. या पाच वर्षांत शाळेला वेळापत्रक, शिकवण्याची पद्धत, शिक्षकांची नेमणूक यांत मोकळीक असते, गावच्या शाळेपेक्षा कितीतरी जास्त. दरवर्षी अहवाल आणि स्वतंत्र लेखापरीक्षण द्यावं लागतं, आणि अधूनमधून खात्याची माणसं येऊन वर्गांत बसून जातात. नूतनीकरणाची वेळ आली की सगळं तपासलं जातं, मुख्यतः तीन बाजूंनी: अर्जात जे कबूल केलं होतं तेच शाळा करते आहे का, मुलं शिकताहेत का, आणि संस्था म्हणून पैशाची नि कारभाराची घडी नीट आहे का. पहिला प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. समजा शाळेने दोन भाषांतून शिकवू असं सांगून चार्टर घेतलं आणि पुढे दुसरी भाषा नावापुरती उरली, तर परीक्षेचे गुण उत्तम असूनही तिला जाब द्यावा लागतो.

तपासणीनंतर चार्टर वाढवून मिळतं, किंवा अटींवर मिळतं, किंवा शाळेला प्रोबेशनवर, म्हणजे सुधारण्याच्या अटीवर नजरेखाली, ठेवतात. काहीच जमलं नाही तर शाळा बंद. हे नुसतं कागदावर नाही. स्प्रिंगफील्डच्या रॉबर्ट ह्यूज अकॅडमीत २००९ च्या राज्य परीक्षेत गैरप्रकार झाल्याचं चौकशीत पुढे आलं आणि २०१० मध्ये ती शाळा बंद झाली. मुलांना दुसऱ्या शाळांत जावं लागलं. पालकांसाठी हे फार क्लेशदायक असतं, तरी मला हा धाक आवश्यक वाटतो. जी शाळा मतदारांना उत्तर देत नाही, तिला कुणाचं तरी भय हवंच.

दुबळी बाजू आहे ती मधल्या काळाची. दोन तपासण्यांच्या मध्ये शाळेत जे चालतं ते मंडळापर्यंत आपोआप पोहोचत नाही. २०१७ मध्ये मॉल्डनच्या मिस्टिक व्हॅली चार्टर शाळेत केसांना कृत्रिम केस जोडून वेण्या घालणाऱ्या कृष्णवर्णीय मुलींना शिक्षा झाल्या. नियम शाळेच्या पुस्तिकेत छापलेलाच होता, सगळ्यांसमोर होता. पालकांनी आवाज उठवला, राज्याच्या ॲटर्नी जनरलने तो नियम भेदभाव करणारा असल्याचं शाळेला लेखी कळवलं, तेव्हा कुठे विश्वस्तांनी त्याची अंमलबजावणी थांबवली. चाक फिरलं ते पालकांच्या तक्रारीमुळे, म्हणून तक्रारीचा रस्ता माहीत हवा.

तो असा. आधी शिक्षक आणि मुख्याध्यापक. तिथे निभावलं नाही तर विश्वस्त मंडळाकडे लेखी तक्रार, आणि तीही लेखीच हं, तोंडी सांगितलेलं कुठेच उरत नाही. शाळा कायदा किंवा चार्टर मोडते आहे अशी तक्रार असेल आणि विश्वस्तांच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर कमिशनरकडे जाता येतं. गावच्या सुपरिंटेंडंटकडे जाण्यात वेळ घालवू नका, त्याच्या हातात काही नाही. मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल किंवा दादागिरीचा त्रास असेल, तर खात्याच्या तक्रार निवारण विभागात थेट अर्ज करता येतो. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला त्यांची चार्टर शाळा कित्येक महिने सांगत राहिली की आमच्याकडे एवढे स्पेशल एज्युकेशनचे शिक्षक नाहीत. आईवडील नवखे, त्यांना ते पटलं. हे उत्तर कायद्यात बसत नाही. विशेष शिक्षणाचा कायदा चार्टरला गावच्या शाळेइतकाच लागू आहे. त्यांनी अर्ज केल्यावर मुलाला मदत मिळू लागली, पण वाया गेलेलं ते वर्ष परत कुठून आणायचं? तुमच्यावर अशी पाळी येऊ नये म्हणून एवढं सांगतोय.

पैशाबद्दल गावात कटुता आढळेल, तिचं कारणही समजून घ्या. मूल चार्टरमध्ये गेलं की त्याच्या वाट्याची रक्कम राज्य गावाच्या अनुदानातून कापून चार्टरला देतं. गावची शाळा मात्र दोन मुलं कमी झाली म्हणून एक वर्ग बंद करू शकत नाही. बस तेवढीच धावते, हीटिंग तेवढंच लागतं. हा धक्का सोसवावा म्हणून राज्य गावाला भरपाई देतं. २०१९ च्या कायद्यानुसार, कापल्या जाणाऱ्या रकमेत जेवढी वाढ झाली तिची पहिल्या वर्षी १०० टक्के, मग ६० आणि मग ४० टक्के. शिवाय बहुतेक गावांत शाळांवरच्या खर्चाच्या ९ टक्क्यांपेक्षा जास्त पैसा चार्टरकडे वळवता येत नाही; सर्वांत मागे पडलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये ही मर्यादा १८ टक्के आहे. २०१६ मध्ये चार्टरची संख्या वाढवू द्यायची का यावर राज्यभर मतदान झालं, तेव्हा सुमारे ६२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. तुमचा शेजारी ‘आमच्या शाळेचा पैसा नेताय’ म्हणाला तर तो तुमच्या मुलीवर रागावलेला नाही.

गावच्या डिस्ट्रिक्टवर याच मंडळाची देखरेख अगदी वेगळ्या तऱ्हेने चालते. डिस्ट्रिक्टला पाच वर्षांची मुदत नसते, त्यामुळे चार्टर रद्द करण्यासारखं काही शक्यच नसतं. निकाल, परीक्षण, मदत, सुधारणेच्या योजना असं चालू राहतं. त्यापलीकडे एकच मोठं पाऊल आहे, रिसीव्हरशिप. मंडळ ठराव करून डिस्ट्रिक्ट ताब्यात घेतं आणि एका माणसाच्या हाती सुपरिंटेंडंटचे आणि स्कूल कमिटीचे, दोन्हींचे अधिकार देतं. २०११ मध्ये लॉरेन्स, २०१५ मध्ये होल्योक, २०१६ मध्ये साउथब्रिज.

लॉरेन्सची तेव्हाची अवस्था खरंच वाईट होती. हायस्कूल वेळेत पूर्ण करणारी मुलं निम्म्याच्या जरा वर होती. पहिल्या काही वर्षांत गणितात चांगली सुधारणा झाली, हे मान्य करायला हवं. पण या तिन्ही गावांकडे नीट बघा. तिन्ही गरीब, तिन्हींच्या शाळांत बहुसंख्य मुलं लॅटिनो. तिथल्या लोकांनी स्कूल कमिटीसाठी मत द्यायचं आणि त्या कमिटीला शाळांवर अधिकारच नसायचा, हे वर्षानुवर्षं चाललं. होल्योकला कारभार परत मिळाला तो थेट जुलै २०२५ मध्ये. बॉस्टनवरही २०२२ मध्ये हीच वेळ येत होती, तिथे मात्र महापौर आणि राज्य यांच्यात करार होऊन ती टळली. मोठ्या शहराला वाटाघाटीची संधी मिळते आणि छोट्या गरीब गावाला मिळत नाही, हे मला डाचतं. राज्याने हस्तक्षेप करावाच, पण परत जायची तारीख पहिल्याच दिवशी ठरवून यावं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या निर्णयाकडे वळतो. होकार देण्याआधी खात्याच्या संकेतस्थळावर त्या शाळेच्या मागच्या नूतनीकरणाचा अहवाल काढून वाचा. अटी घातल्या होत्या का आणि त्या पूर्ण झाल्या का, ते पाहा. दरवर्षी किती मुलं शाळा सोडून जातात हा आकडाही तिथेच मिळतो, आणि सहावीत आलेल्यांपैकी बारावीला किती उरतात हे निकालाच्या टक्क्यांपेक्षा जास्त बोलकं असतं. विश्वस्तांची बैठक सार्वजनिक असते. सुटीचे दिवस सोडून निदान ४८ तास आधी तिची सूचना लावावीच लागते, आणि कुणीही जाऊन बसू शकतं. एका संध्याकाळी दोघंही जाऊन या. पालकांच्या अडचणीचा विषय निघाल्यावर विश्वस्त कसे बोलतात ते ऐका, आणि मगच फॉर्मवर सही करा.