रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी बायकोचा थकवा जात नाही. हे खरंच मनाचं असतं का?

तुम्ही लिहिलंय की वहिनींना चौदा महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला, ताप उतरला, पण अंगातली ताकद काही परत आली नाही. कराडला दोन डॉक्टर झाले, रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. शेवटी 'टेन्शन घेऊ नका, मन रमवा' असं सांगून त्यांना घरी पाठवलं. घरात कुणी आळस म्हणतं, कुणी नजर. तुम्ही विचारताय की हे मनाचं आहे का, आणि पुढच्या महिन्यात मेहुण्याच्या लग्नाला त्यांना न्यावं का.

मी डॉक्टर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. पण हा प्रश्न मी चार वर्षं अंगावर काढलाय, म्हणून लिहितो.

'मनाचं आहे' या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. पहिला असा की मेंदू, नसा, हार्मोन आणि प्रतिकारशक्ती एकमेकांशी सतत बोलत असतात. हे खरंच आहे. साधा ताप आला तरी बघा, जेवण नको वाटतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, कोपऱ्यात पडून राहावंसं वाटतं. जंतूंशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांचा निरोप मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूच माणसाला आडवं करतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याचं मन खचलंय. दुसरा अर्थ असा की तुम्ही मनावर घेतलंत तर बरे व्हाल. हे खोटं आहे. डॉक्टर बहुतेक वेळा पहिला अर्थ मनात धरून बोलत असतील, पण पेशंटला ऐकू येतो तो दुसरा. माझं सगळं नुकसान त्या दुसऱ्या अर्थानं केलं.

मला मे २०२१ मध्ये कोविड झाला. ऑक्सिजन लागला नाही, भरती व्हावं लागलं नाही, दोन आठवड्यांनी दुकानात हजर झालो. तिसऱ्या दिवशी शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहिताना बेरीज चुकली. बावीस वर्षांत माझी तोंडी बेरीज चुकली नव्हती. आकडा डोळ्यांसमोर होता आणि तो डोक्यात शिरत नव्हता. पुढं सकाळी उठलो की रात्रभर पोती उचलल्यासारखं अंग व्हायचं. सहा महिने तपासण्यांत गेले. मिरजेला लोक पार कर्नाटकातून उपचाराला येतात, माझ्या तर ते दारातच. तिथल्या एका मोठ्या डॉक्टरांनी फाईल बघितली, मिटली आणि म्हणाले, "शरीरात काही नाही. भीती काढून टाका, रोज चालणं वाढवत न्या."

मी अगदी मनापासून ऐकलं. रोज पहाटे कृष्णेच्या घाटावर जायचो आणि दर दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवायचो. अकराव्या दिवशी आंघोळीला उभा राहता येईना. पुढचे नऊ दिवस आईनं भरवलं. त्या नऊ दिवसांत मला वाटत राहिलं की मीच मनानं कमी पडलो. चालणं सांगितलं होतं, तेवढंही जमलं नाही. आजाराचं दुःख मी सोसलं असतं, हे सोसवत नव्हतं. वहिनींना आत्ता हेच वाटत असणार, म्हणून हे आधी सांगितलं.

खरी गोष्ट माझ्या बायकोनं शोधली. कॅलेंडरवर ती दुधाचे खाडे मांडते. त्याच चौकोनांत ती माझ्या वाईट दिवसांवर फुली मारायला लागली आणि आदल्या दिवसांत मी काय काय केलं ते बारीक अक्षरात लिहायला लागली. दोन महिन्यांनी तिनं मला ते दाखवलं. बँकेत रांगेत उभा राहिलो, फुली दोन दिवसांनी. पाहुणे आले, तीन तास बसून बोललो, फुली दुसऱ्या दिवशी. केलं त्या दिवशी मी बरा असायचो, कधी कधी तर खुशीत असायचो. आमच्याकडं सौद्यात दर चांगला निघाला की शेतकरी हसत चहाला जातो, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात पडते ती नंतर. माझ्या शरीराची पट्टी एक-दोन दिवस उशिरा येत होती, म्हणून कुणाला हिशेब लागत नव्हता.

या उशिराच्या पट्टीला वैद्यकशास्त्रात नाव आहे, श्रमानंतरची घसरण. ज्या आजाराची ती मुख्य खूण, त्याला एमई किंवा सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे न हटणाऱ्या थकव्याचा आजार) म्हणतात. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये निकष ठरवले ते असे: सहा महिन्यांहून जास्त टिकलेला, विश्रांतीनं न जाणारा आणि पूर्वीची कामं होऊ न देणारा थकवा, श्रमानंतरची घसरण, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि यांच्या जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, या दोहोंपैकी एक. बऱ्याच जणांत सुरुवात एखाद्या संसर्गानंतर होते. रक्ताची अशी एकही तपासणी अजून नाही जी 'हाच आजार' म्हणून शिक्का मारेल. म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात.

तपासणीत सापडत नाही ते मनावर ढकलायची सवय जुनी आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, नर्सेस मिळून तीनशेच्या आसपास कर्मचारी एका विचित्र आजारानं पडले, हॉस्पिटल काही आठवडे बंद ठेवावं लागलं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर वाचून, एकाही पेशंटला न तपासता, हा सामूहिक उन्माद असल्याचं छापलं. आजार जास्त करून बायकांना झाला, हे त्यांच्या पुराव्यांपैकी एक होतं! त्याची सावली पुढं कित्येक वर्षं या आजारावर राहिली. चालणं ठरवून वाढवत नेण्याचा जो सल्ला मला मिळाला, तो ब्रिटनमध्ये २००७ पासून अधिकृत होता. उपचार कसे करावेत हे डॉक्टरांना ठरवून देणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेनं २०२१ मध्ये तो मागं घेतला. समुपदेशनाबद्दलही त्यांनी स्पष्ट लिहिलं की त्यानं आजार बरा होत नाही, आजारासोबत जगायला मदत होते. मला तो सल्ला मिळाला त्याच सुमारास तिकडं तो रद्द झाला होता, हे आठवलं की आजही पोटात तुटतं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर मी तुमच्याशी खोटं बोलल्यासारखं होईल. गोव्यात हजारो बायकांची पाहणी झाली होती, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुमारे १२ टक्के बायका सहा महिन्यांहून जास्त काळ थकलेल्या होत्या. हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध लागला नाही. लागला तो कर्जाशी, उपासमारीशी, नवऱ्याच्या जाचाशी आणि मनाच्या दुखण्याशी. म्हणजे मनातून आलेला थकवाही खराच असतो, तो नाटक नसतो. म्हणून वहिनींना एकांतात, शांतपणे विचारा की घरात त्यांना कशाचा भार वाटतो. उत्तर तुमच्याबद्दल निघालं तरी ऐकून घ्या.

फरक कसा ओळखायचा ते माझ्यापुरतं सांगतो. मध्यंतरी मलाही नैराश्य आलं होतं, त्याच्या गोळ्या आठ महिने घेतल्या आणि त्याची लाज वाटत नाही. झोप सुधारली, रडू थांबलं. पाय मात्र तसेच राहिले. नैराश्यात मला काही करावंसंच वाटत नव्हतं. या आजारात दहा कामं करावीशी वाटतात, आणि एक केलं की शरीर दोन दिवस वसुली करतं. वहिनी 'बरं वाटलं की आधी अमुक करीन' असं म्हणत असतील तर त्यांचं मन शाबूत आहे. जीव नकोसा झाल्याचं बोलत असतील तर मात्र थांबू नका, टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

एखाद्या सबुरीच्या फिजिशियनकडं जा. आधी झालं नसेल तर फेरिटिन, बी-१२, शुगर, कॅल्शियम, लिव्हर, किडनी आणि टीबीची शंका हे बघायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये कळतो. घोरणं आणि चालू गोळ्या, दोन्ही त्यांच्या कानावर घाला. घरी एक करता येतं. दहा मिनिटं झोपवून नाडी मोजा, मग भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं करून दर मिनिटाला मोजा आणि आकडे कागदावर लिहा. शेजारी उभे राहा, चक्कर आली तर लगेच थांबा. ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढून तसेच राहिले तर तो कागद डॉक्टरांना दाखवा, ती पॉट्सची, म्हणजे उभं राहिल्यावर ठोके फार वाढण्याच्या आजाराची खूण असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. माझे ७८ वरून ११६ वर गेले होते. तो कागद बघून पहिल्यांदा एका डॉक्टरांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. मीठ-पाणी वाढवणं आणि घट्ट पायमोजे यांनी मला उभं राहणं जमायला लागलं. मीठ मात्र डॉक्टरांना विचारूनच, बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर ते उलटतं.

बाकी उपचार म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरणं. अंथरूण किती आहे ते कॅलेंडरच सांगेल. मी आता दुकानात चार तास बसतो, दर तासाला पोत्यांच्या थप्पीमागं सतरंजीवर दहा मिनिटं आडवा होतो. मालकांनी ती सतरंजी स्वतः आणून दिली. बरा झालोय असं म्हणणार नाही. पण अंथरूण धरून राहायचे दिवस आता क्वचित येतात.

लग्नाला न्या. हळदीला, वरातीला नको. आदल्या दिवशी दुपारीच पोचा, कार्यालयात आडवं व्हायला एक खोली आधीच सांगून ठेवा. अक्षतांना खुर्चीवर बसवा, कुणी उठवायला आलं तर तुम्ही मध्ये पडा, त्यांना खुलासे करायला लावू नका. त्यातच निम्मी ताकद जाते. जेवण खोलीत. लग्नानंतरचे तीन दिवस कॅलेंडरवर आत्ताच कोरे ठेवा, स्वयंपाकाची सोय लावा, आणि त्या पडून राहिल्या तर 'तरी सांगत होतो' असं म्हणू नका.