चेक घ्यायचाच नाही, असं कसं?

प्रश्न : मॅडम, मी डोंबिवलीतल्या ८४ सदनिकांच्या एका सोसायटीचा खजिनदार आहे. वय ६८. आमचे १९ सभासद अजून मेंटेनन्स चेकने देतात. नवे सचिव तिशीतले आहेत. ते म्हणतात, पुढच्या तिमाहीपासून चेक घेणंही बंद आणि देणंही बंद. परदेशात चेक केव्हाच गेले. बँकेत खेटे घालून मी कंटाळलोय हे खरं, पण चेकबुक परत करायला मन धजत नाही. म्हातारपणाचा हट्ट समजून गप्प बसू का?

उत्तर : गप्प बसू नका, पण सचिवांचं निम्मं ऐका.

आधी माझी बाजू सांगते. १९८४ मध्ये मी बँकेत लागले आणि पहिली तीन वर्षं क्लिअरिंगला, म्हणजे इतर बँकांचे चेक वटवायच्या कामावर काढली. बँकेबँकेचे गठ्ठे लावायचे, बेरजेच्या यंत्रावर फीत काढायची, आणि रुपयाचा फरक आला की गठ्ठा सोडून पुन्हा पहिल्यापासून. शेवटची कर्जत लोकल चुकल्याच्या रात्री अजून आठवतात. त्यामुळे चेक गेला म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी मी नव्हे. दूध, किराणा, लाइटबिल, डॉक्टरची फी यांत त्याला आता जागा उरलेली नाही. वर्षाकाठी मी स्वतः सात-आठ चेक फाडत असेन.

परदेशाचं म्हणाल तर सचिवांचं अर्धंच खरं. न्यूझीलंडच्या मोठ्या बँकांनी २०२१ पर्यंत चेक बंद केले, डेन्मार्कमध्ये ते २०१७ पासून नाहीत. पण ब्रिटनमध्ये २००९ साली ठरवलं होतं, की ऑक्टोबर २०१८ पर्यंत चेक संपवायचे; म्हातारी माणसं आणि धर्मादाय संस्था यांनी इतका आरडाओरडा केला की २०११ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. तिथे चेक आजही चालतो.

आता तुमचे १९ सभासद. त्यांतले खरोखर चेकवाचून अडणारे किती, हे दारोदार जाऊन एकदा विचारा. माझ्या अंदाजाने पाच-सहा निघतील. बाकीच्यांची सवय आहे, ती समजावल्यावर सुटते. त्या पाच-सहांचे चेक मात्र मुकाट्याने घ्या. ज्यांनी तीस वर्षं वेळेवर पैसे भरले, त्यांना ‘तुमचा चेक चालणार नाही’ अशी नोटीस लिफ्टमध्ये डकवणं मला तरी अशोभनीय वाटतं. मागच्या बाजूला फ्लॅट नंबर आणि फोन नंबर लिहून घ्या, आणि पुढच्या बाजूच्या खालच्या पांढऱ्या पट्टीवर शिक्का, सही, स्टेपलरची पिन, काही म्हणजे काही येऊ देऊ नका. ती पट्टी यंत्राने वाचायची असते.

यूपीआयने आलेल्या पैशांचं दुखणं वेगळंच असतं, ते तुम्हाला लवकरच कळेल. जावयाच्या खात्यातून आलेले ४,२५० रुपये कोणत्या फ्लॅटचे, हे शोधता शोधता तिमाही संपते. सचिवांना म्हणावं, चेक बंद करण्याआधी ‘शेऱ्यात फ्लॅट नंबर लिहा’ एवढी शिस्त लावून दाखवा.

तुमचा खरा प्रश्न मला सोसायटीतून बाहेर जाणाऱ्या पैशांचा दिसतो. तिथे चेकबुक सोडू नका.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीतली गोष्ट. लिफ्टवाल्याचं ३,८६,००० रुपयांचं बिल आलं. सचिवांची सही झाली होती, चेक दुसऱ्या सहीसाठी खजिनदारबाईंकडे गेला. त्या निवृत्त शिक्षिका. पेन हातात घेतलं की समोरचा कागद तपासायची जन्माची सवय. म्हणाल्या, आधी बिल दाखवा. बिल बघितलं तर दिवाळीत दिलेला एक लाखाचा अॅडव्हान्स वजाच केलेला नव्हता. लबाडी नव्हती, लिफ्टवाल्याच्या कारकुनाचा विसराळूपणा. पण सही करायला कागद घरी आला म्हणून तो वाचला गेला. मोबाइलवर ‘मंजूर करा’ असा संदेश आला असता तर भाजी चिरता चिरता बोट लागलं असतं. माझंही लागलं असतं.

नेटबँकिंगमध्येही एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने मंजूर करायची, अशी सोय असते. तुमच्या बँकेत असेल तर जरूर घ्या. पण मी पाहिलेल्या तीन सोसायट्यांपैकी दोघींत दोन्ही पासवर्ड सचिवांच्याच लॅपटॉपमध्ये साठवलेले होते. मग त्या दोन सह्या राहिल्या कुठे? वीज, पाणी, सफाईवाल्याचा पगार ऑनलाइन जाऊ द्या. रंगकाम, लिफ्ट, टाकीची दुरुस्ती असल्या मोठ्या रकमा चेकने द्या.

देताना दोन गोष्टी सांभाळा. जानेवारी २०२१ पासून ‘पॉझिटिव्ह पे’ आहे : ५०,००० रुपयांपासून पुढच्या चेकचा नंबर, तारीख, नाव आणि रक्कम आपण आधीच बँकेला कळवायची. पाच लाख आणि त्यावरच्या चेकला बँक हे सक्तीचं करू शकते. न कळवता रंगवाल्याला सहा लाखांचा चेक दिलात आणि तो परत आला, तर परांचीवरून माणसं उतरतील. दुसरं म्हणजे ‘आज चेक देऊ, परवा खात्यात पैसे भरू’ हा जुना हिशेब विसरा. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर पुढे जात राहतात; ठरलेल्या वेळेत आलेल्या चेकवर हो की नाही, हे देणाऱ्या बँकेने त्याच संध्याकाळी सातपर्यंत सांगायचं असतं. कागद जागचा हलत नाही, त्याची प्रतिमा जाते. आमच्या गठ्ठ्यांच्या काळात मिळणारी दोन दिवसांची उसंत संपली.

प्रश्न : माझ्या यजमानांनी मित्राच्या कर्जाला जामीन राहताना पतसंस्थेला दोन कोरे चेक सही करून दिले. मित्र आता हप्ते चुकवतोय. कोरा चेक कायद्यात टिकत नाही, असं शेजारी म्हणतात. बँकेला ‘स्टॉप पेमेंट’, म्हणजे हे चेक वटवू नका, असं कळवून टाकू का? (वाचक, इस्लामपूर)

उत्तर : शेजाऱ्यांचं ऐकू नका. स्वखुशीने सही करून दिलेला चेक दुसऱ्याने भरला तरी तो देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं कायदा धरून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तसं नव्हतं, हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. जामीनदाराच्या चेकलाही चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागतं, हेही त्याच न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं.

देणं खरोखर असेल तर ‘स्टॉप पेमेंट’ने सुटका होत नाही. चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत पतसंस्था नोटीस देऊ शकते. ती हातात पडल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर मिटलं. नाही तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती नोटीस ‘नंतर बघू’ म्हणून फ्रिजवर ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत.

आजच दोन्ही चेकचे सहा आकडी नंबर चेकबुकाच्या अर्धुकांवरून काढा. ते कोणत्या कर्जासाठी, कधी आणि कोरे दिले, हे लिहून पतसंस्थेला पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कर्ज किती थकलंय, त्याचा उतारा त्याच पत्रात मागा. मग मित्राला घरी बोलवा आणि वकिलाला भेटा, याच क्रमाने. आणि यजमानांना विचारा, चेक कोरा का दिला? नाव आणि रक्कम घालायला अर्धं मिनिट लागतं. जामिनाच्या वेळी माणसाला त्याची लाज का वाटते, हे मला नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत कळलं नाही.

प्रश्न : माझी आई ७९ वर्षांची आहे. ती चेक मराठीतच लिहिते. बँकेतला नवा मुलगा म्हणतो, इंग्रजीत लिहून आणा. नियम काय आहे? (वाचक, कुडाळ)

उत्तर : नियम आईंच्या बाजूने आहे. चेक इंग्रजी, हिंदी किंवा प्रादेशिक भाषेत लिहिता येतो. त्या मुलाला शांतपणे सांगा; ऐकलं नाही तर मॅनेजरकडे जा.

मात्र खाडाखोड अजिबात नको. आता तारीख सोडून दुसरं काहीही खोडून सुधारलेलं चालत नाही, शेजारी सही केली तरीही. चुकला की नवा चेक. शिवाय आपल्या मराठी संख्यांची एक गंमत आहे. आमच्या शाखेत एका बाईंनी आकड्यात ७९,००० लिहिलं आणि अक्षरी ‘एकोणनव्वद हजार’. कायद्याने अक्षरी रक्कम धरायची असते, पण काउंटरवर असा चेक परतच करतात. त्या म्हणाल्या, ‘अहो, एकोणऐंशीच लिहिलंय मी!’ मी चेक त्यांच्यासमोर धरला. चष्मा लावून त्यांनी तीनदा वाचला आणि म्हणाल्या, ‘पेन कुणाचं होतं हे?’

आईंना म्हणावं, आधी अक्षरी रक्कम मोठ्याने वाचायची आणि मगच आकडा लिहायचा.