ट्यूब पुढे, ताटली मागे

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्मी पत्रं एकाच गोष्टीबद्दल: मांजरांची ती मऊ, पेस्टसारखी ट्रीट, जी लांबट पाकिटातून दाबत दाबत चाटायला देतात. कुणी तिला क्रीमी ट्रीट म्हणतं, कुणी स्टिक, कुणी नुसतंच ट्यूब. आमच्या दवाखान्यात आम्ही तिला चाटण म्हणतो. इतका नेमका शब्द हाताशी असताना दुसरा कशाला शोधायचा? तेव्हा या महिन्यात फक्त चाटण. कान खाजवणाऱ्या बोक्याचं पत्र ज्यांनी पाठवलंय त्यांनी पुढच्या अंकाची वाट न बघता त्याला डॉक्टरांकडे न्यावं.

डॉक्टर, आमची सोनी तीन वर्षांची, वजन 4 किलो, नसबंदी झालेली. आधी कौतुकानं रोज एक ट्यूब द्यायचो. आता दिवसाला सहा लागतात. कोरडं खाणं तसंच पडून राहतं. हुंगते आणि वाडग्याशेजारची फरशी पंजानं खरवडते, घाण झाकावी तशी. दोन दिवस ट्यूब बंद केली तर तिनं कशालाच तोंड लावलं नाही, शेवटी आम्हीच हरलो. हट्ट मोडायचा कसा?

हरलात ते बरं केलंत. पुन्हा असं उपाशी ठेवू नका. 'भूक लागली की खाईल झक मारत' हा हिशेब मांजराला लागू पडत नाही. उपाशी मांजराच्या अंगातली चरबी यकृताकडे धाव घेते, यकृताला ती झेपत नाही आणि तिथेच साठत जाते. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. त्यासाठी दोन-चार दिवसांचा उपास पुरतो, आणि मांजर लठ्ठ असेल तर धोका आणखी मोठा. मांजर सबंध एक दिवस जेवलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, तिथे हट्टाची परीक्षा घ्यायची नाही.

दुसरं म्हणजे हा हट्टच आहे हे कशावरून? सोनी चाटते पण चावत नाही, असं तुमचं पत्र सांगतं. असं मांजर माझ्याकडे आलं की मी आधी तोंड उघडून बघते. मांजरांच्या दातांना एक विचित्र रोग होतो, हिरडीच्या कडेशी दात विरघळायला लागतो. तिथे कडक दाणा लागला की कळ जाते. बिचारं मांजर ओरडत नाही, फक्त मऊ खाणं निवडतं, आणि घरचे म्हणतात लाडावलंय. म्हणून आधी तोंड तपासून घ्या. तोंड ठणठणीत निघालं तर मग लाडाचं बोलू.

आता आकडे. 4 किलोच्या घरबशा मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात. खाऊ म्हणून दिलेलं सगळं मिळून त्याच्या दहा टक्क्यांत बसावं, म्हणजे 20 कॅलरींत. एका ट्यूबमध्ये किती, ते पाकिटाच्या मागे बघा. कशात सहा-सात असतात, कशात त्याच्या दुप्पट. दहा धरल्या तरी सहा ट्यूबच्या साठ झाल्या, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जेवण. शिवाय बहुतेक चाटणं 'पूरक' असतात. त्यांच्यात मांजराला लागणारं सगळं नसतं. त्यातली टॉरिन या पोषकद्रव्याची कमतरता सगळ्यात वाईट: मांजराला टॉरिन अंगात पुरेसं बनवता येत नाही, आणि ते आहारातून मिळालं नाही तर हृदयाचा स्नायू पातळ होत जातो आणि डोळ्याचा पडदा खराब होतो. हृदयाच्या या रोगाचं कारण 1987 मध्ये उघडकीला आलं, तेव्हापासून मांजरांच्या पूर्ण आहारात टॉरिनकडे कसोशीनं बघतात. ट्रीटवर तसं बंधन नाही.

सोडवायचं कसं? ट्यूब हातातून देणं आजपासून बंद, पण चाटण बंद नाही. सहाऐवजी पाच ट्यूब, आणि त्या तिच्या जेवणावर. कोरडे दाणे थोड्या कोमट पाण्यात भिजवा, वर चाटणाची रेघ ओढा आणि चमच्यानं ढवळा, नाहीतर ती वरचं वर चाटून निघून जाईल. तीन-चार दिवसांनी पाचाच्या चार. खायचं थांबली तर एक पायरी मागे या. माझा अनुभव सांगतो, तीन आठवडे लागतात. त्यातला पहिला आठवडा घरातल्या माणसांसाठी अवघड असतो, मांजरासाठी नव्हे. कुणीतरी चोरून देतंच. ते कोण, हे तुम्हाला माहीत असेलच.

दुकानात पन्नास प्रकार असतात. सगळ्यांवर 'नॅचरल', सगळ्यांवर ताजे मासे. नेमकं काय बघून घ्यायचं?

पुढची बाजू बघायचीच नाही, पाकीट उलटं करायचं. घटकांत सगळ्यात आधी मांस किंवा मासा नावानिशी असावा. 'प्राणिजन्य पदार्थ' असं मोघम काही नको. पाण्याचा आकडा बघा, तो ऐंशी-नव्वद टक्के असतोच. घट्टपणासाठी ग्वार गम किंवा टॅपिओका स्टार्च असतो, थोडा चालतो. पण एखाद्या मांजराला गमनं पातळ शी होते; तसं झालं तर प्रकार बदला, ब्रँडवर रागावू नका. कांदा किंवा लसूण पूड कुठल्याही रूपात असली तर पाकीट परत ठेवा, कारण त्यानं मांजराच्या लाल रक्तपेशी फुटतात.

साखर किंवा कॅरामल असलेलं चाटण मी घेत नाही, आणि त्यामागे एक गंमत आहे. मांजराला गोड चव कळतच नाही. गोड ओळखणारं जनुक त्यांच्यात निकामी झालेलं असतं, हे 2005 मध्ये सिद्ध झालं. म्हणजे ती साखर रंगासाठी असेल नाहीतर आपल्या समाधानासाठी. उलट मांसातली उमामी, म्हणजे रश्श्यासारखी खमंग चव त्यांना जोरदार लागते. 2023 च्या एका संशोधनात दिसलं की ट्यूना माशात नेमकी जी द्रव्यं भरपूर असतात, त्यांना मांजराच्या जिभेवरचे उमामीचे ग्राही, म्हणजे ती चव टिपणारे सूक्ष्म भाग, खास प्रतिसाद देतात. ट्यूनाची ट्यूब फोडली की शेजारच्या खोलीत झोपलेलं मांजर हजर होतं, त्याचं कोडं इथे सुटतं. तरी रोज ट्यूना नको. आलटून पालटून चिकन द्या, नाहीतर उद्या फक्त माशाचंच लागेल.

आणि 'पाण्याची गरज भागवतं' या दाव्याबद्दल एक शब्द. 14 ग्रॅमच्या ट्यूबमध्ये 11-13 मिली पाणी असतं. 4 किलोच्या मांजराला खाण्यापिण्यातून मिळून दिवसाला सुमारे 200 मिली लागतं. करा वजाबाकी. पाणीच पाजायचं असेल तर अर्धी ट्यूब चार चमचे कोमट पाण्यात कालवून बशीत ठेवा. ही युक्ती मात्र खरंच चालते.

आमच्या मांजराला दहा दिवस गोळ्या आहेत. पकडलं की ओरबाडतं. ट्यूबमध्ये कुटून दिल्या तर चालेल ना?

चालेल, न चालेल. आधी माझी फजिती ऐका.

माझा भुऱ्या तेव्हा अकरा वर्षांचा होता. दात काढल्यावर त्याला मेट्रोनिडाझोल सुरू केलं. हे औषध इतकं कडू की चुकून बोटाला लागलं आणि बोट तोंडात गेलं तर माणूसही थुंकत सुटतो. मला हे ठाऊक होतं. इतरांना मीच सांगते. पण रात्रीचे अकरा वाजलेले, मी दमलेली, आणि भुऱ्याचं ट्यूबवर निस्सीम प्रेम. गोळी कुटली, एका अख्ख्या ट्यूबमध्ये कालवली आणि बशी पुढे केली. त्यानं दोनदा जीभ लावली. तिसऱ्यांदा जीभ अर्धी बाहेर असतानाच थांबला. माझ्याकडे बघितलं. मग तोंडातून साबणाच्या पाण्यासारखा फेस यायला लागला, लाळेच्या तारा लोंबायला लागल्या, आणि तो डोकं झटकत पडद्यापर्यंत गेला. (पडद्यावर डाग अजून आहे.) असा फेस आला की लोक घाबरतात, विषबाधा झाली म्हणतात. बहुतेक वेळा तो निव्वळ कडूपणाचा असतो आणि काही मिनिटांत ओसरतो. ओसरला नाही किंवा मांजर मलूल झालं तर मात्र फोन करा.

फेस ओसरला, पण खरं नुकसान पुढे झालं. त्यानंतर तीन महिने भुऱ्यानं कुठल्याही चाटणाला तोंड लावलं नाही. पाकीट फाडल्याचा आवाज आला की पलंगाखाली. म्हणजे गोळी तर गेलीच नाही, वर माझ्या हातातलं एकमेव हत्यारही बोथट झालं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. डॉक्टरांना पहिला प्रश्न, ही गोळी कुटता येते का? काही गोळ्यांवरचा लेप पोटात जाईपर्यंत टिकावा लागतो, काही हळूहळू विरघळायला बनवलेल्या असतात. त्या कुटायच्या नाहीत. थायरॉइडची मेथिमाझोल तर हातमोज्याशिवाय कुटू नये, आणि गरोदर बाईनं तिला हात लावू नये. कुटता येत असेल तर हरभऱ्याएवढं साधं चाटण आधी, मग तेवढ्याच चाटणात औषध, मग लगेच पुन्हा साधं. अख्ख्या ट्यूबमध्ये कधीच नाही, कारण अर्धी ट्यूब उरली तर डोसही अर्धाच गेला. आणि रोजच्या जेवणाच्या वाडग्यात तर मुळीच नाही; ट्यूबवरचं प्रेम गेलं तर चालेल, जेवणावरचं गेलं तर मोठी आफत.

कडू गोळी असेल तर सरळ तोंडात द्या आणि चाटण नंतर वापरा. डॉक्सिसायक्लिनच्या बाबतीत तर मी याचा आग्रहच धरते. ती गोळी कोरडी गिळली की मांजराच्या अन्ननलिकेत अडकून राहते आणि तिथे भाजल्यासारखी जखम करते. पुढे नलिका अरुंद होऊ शकते. गोळीमागून लगेच थोडं चाटण किंवा चमचाभर पाणी दिलं की ती खाली सरकते. ट्यूबचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

उरलेली अर्धी ट्यूब किती दिवस ठेवता येते? आणि ट्यूबवरूनच चाटू द्यावी का?

तोंड दुमडून चिमटा लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. देण्याआधी ट्यूब कोमट पाण्यात मिनिटभर धरा; गार चाटणाला वास नसतो आणि मांजर वासावर जेवतं.

ट्यूबवरून देताना फाडलेला तुकडा आधी कचऱ्यात टाका, हातात किंवा मांडीवर ठेवू नका. ट्यूब रिकामी होत आली की मांजर दाढेत धरून चावायला लागतं, तिथेच थांबायचं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात. जिभेला चिकटलेलं थुंकायला त्यांना जमत नाही, ते आतच जातं. प्लॅस्टिकचा नखाएवढा तुकडा आतड्यात अडकलेलं मांजर मी टेबलावर उघडलंय.

नखं कापताना ट्यूब दिली तर ती लाच होते का? सवय बिघडेल असं सासूबाई म्हणतात.

लाचच आहे, आणि मी ती रोज देते. सासूबाईंचं एका बाबतीत बरोबर: नखं कापायची वेळ सोडून ट्यूब दिली तर लाचेची किंमत उतरते. एकानं ट्यूब धरायची, दुसऱ्यानं कापायचं. पहिल्या दिवशी नुसता पंजा दाबायचा, दुसऱ्या दिवशी एक नख. मांजर चाटायचं थांबलं की आपणही थांबायचं. न्यायच्या पिंजऱ्याचंही तसंच. पिंजरा कायम खोलीत उघडा ठेवा आणि आठवड्यातून दोनदा चाटण आत, मागच्या भिंतीला फासा.

किडनीचा त्रास असलेल्या तेरा वर्षांच्या मांजराला? आणि ॲलर्जीचा आहार चालू असेल तर?

किडनीच्या मांजराला फॉस्फरस कमी लागतो आणि बऱ्याच चाटणांत फॉस्फेट घातलेलं असतं, म्हणून पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा. त्याच्यासाठी वेगळी चाटणंही मिळतात. ॲलर्जी शोधण्याचा आहार आठ आठवडे चालतो. त्यात एक बोटही चाटण नको, नाहीतर पहिल्या दिवसापासून मोजायला लागेल.

आमच्या चार वर्षांच्या मुलानं मांजराची अर्धी ट्यूब संपवली. काही होईल का?

पाकीटबंद चाटण शिजवलेलंच असतं. माशाची ॲलर्जी नसेल तर काही होणार नाही. दुसरी अर्धी मांजराला मिळाली का, तेवढं कळवा.