अंगणातली व्हॅन पाहुण्यांना द्यावी का?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचं घर दापोली तालुक्यात, मुरुड-आसूदच्या पट्ट्यात, मागे नारळी-सुपारीची वाडी. मुलाने लॉकडाऊननंतर जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत बेड, ओटा, सिंक, एसी सगळं करून घेतलं, थोडे दिवस हौसेने फिरला, आता नोकरीसाठी पुण्यात आणि गाडी आमच्या अंगणात. लाँग वीकेंडला इथे रूम मिळत नाहीत, मग लोक दारात येऊन विचारतात, काकू व्हॅन देता का एक रात्र? द्यावी का? परवाना लागतो का? आमचे हे म्हणतात गाडी आपली, अंगण आपलं, परवाना कसला.

उत्तर : काकू, परवान्याचं नंतर सांगते, आधी मला सांगा संडास-बाथरूम कुठे आहे? कारण लोक व्हॅनचा फोटो बघून बुकिंग करतात आणि बाथरूम बघून रिव्ह्यू लिहितात. गाडीत तो डब्याचा कॅसेट टॉयलेट असेल तर सरळ कुलूप लावा त्याला, दोन माणसांत तो दोन-तीन दिवसांत भरतो आणि सोमवारी सकाळी तो उचलून ओतायला तुम्हीच जाणार, पाहुणे नाही. वर त्यात जे निळं केमिकल टाकतात त्यातली काही औषधं जंतू मारणारी असतात, ती घरच्या सेप्टिक टँकमध्ये गेली की मैला कुजवणारे जंतूही मरतात आणि टाकी लवकर भरते. त्यापेक्षा अंगणाच्या बाजूने वेगळं दार असलेलं एक साधं, कोरडं राहणारं बाथरूम करा. व्हॅनच्या आत नवीन गाद्या-पडदे-लायटिंग करायला मुलाने पैसे काढले असतील तर ते आधी इथे घाला. आणि व्हॅनपासून तिथपर्यंत वाटेवर दिवा हवाच, रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको, पण मुंबईचा माणूस रात्री स्लीपर घालून मोबाईल बघत चालतो. सिंकचं पाणी पाईप टाकून केळीला सोडा, झालं.

वीज. घरातल्या प्लगमधून एक्स्टेन्शन ओढून एसी चालवू नका प्लीज. एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅटच्या आसपास घेतो आणि ती वायर गुंडाळलेल्या रीळवरच राहिली तर गरम होऊन वितळू शकते. वायरमनकडून मेन बोर्डपासून वेगळी थ्री-कोअर लाईन, १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग आणि ३० मिलीअँपची आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाईन तोडणारा स्विच) लावून घ्या. गाडीची बॉडी लोखंडी, खाली ओली माती, त्यात कुठे वायर बॉडीला लागली आणि अर्थिंग नसेल तर दाराच्या हँडलला हात लावताच झटका. सबमीटरही टाका, म्हणजे व्हॅनचं बिल कळतं. आणि महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या, कारण घरगुती कनेक्शनवर धंदा दिसला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने बिल लावता येतं.

गॅस मात्र काढूनच टाका. सिलिंडर, शेगडी, आणि गॅस गिझर असेल तर तो सगळ्यात आधी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की फरशीवर साचतो, आणि बंद जागेत गिझर पेटला की कार्बन मोनॉक्साईड, ज्याला वासच नसतो. शिवाय १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला चालत नाही. चहाला इलेक्ट्रिक किटली ठेवा आणि नाश्ता तुमच्या स्वयंपाकघरातून द्या, घावणे-चटणी, आंबोळी, त्यासाठीच लोक परत येतात.

गाडी उभी कुठे केलीये हेही बघा. माडाखाली नको, नारळ नाही पडला तरी झावळी पडतेच, आणि फणसाखालीही नको. चाकांना पुढून-मागून दगड लावा, गाडी लेव्हलला आणा (आत ताटात पाणी ठेवून बघा कुठल्या बाजूला जातं), वर पत्र्याची शेड घाला. खाऱ्या हवेने खालून गंज चढतो, उंदीर वायरी कुरतडतात, पावसात छताच्या सीलमधून पाणी येऊन गादीला बुरशी धरते. माझं मत विचाराल तर जून ते नारळी पौर्णिमा बंदच ठेवा.

आता परवाना. काकांचं अर्धं बरोबर आहे, गाडी आणि अंगण तुमचंच, पण पाहुणे ठेवायचे तर नोंदणी करून घ्या. घर न्याहारी-निवास योजनेत नोंदवा, ते पर्यटन विभागाकडे होतं, आणि ग्रामपंचायतीकडून ना हरकत घ्या. राज्याचं कॅराव्हॅन (म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी) पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात अशा गाड्या उभ्या करायचा कॅराव्हॅन पार्कही येतो, तेव्हा पर्यटन संचालनालयाला एक अर्ज करून लेखी विचारा की उभ्या गाडीला घराच्या नोंदणीत घेता का, तोंडी उत्तरावर जाऊ नका. पाहुण्यांचं रजिस्टर आणि ओळखपत्राची कॉपी रोजच्या रोज. परदेशी पासपोर्टवाला आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारी ऑनलाईन फॉर्मवर भरायची, मग तो तुमच्याच भाच्याचा मित्र का असेना.

आणि पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन पाहुण्यांना हर्णैचा मासळी लिलाव दाखवायला नेऊ नका. उभी गाडी वेगळी, चालती गाडी भाड्याची झाली, आणि खासगी पॉलिसीत भाड्याने वापर साफ वगळलेला असतो. गाडी उभी असतानाच्या आगीचं, पाहुण्याला लागलं तर त्याचं, हे सगळं विमा कंपनीला मेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.

प्रश्न : आम्ही कोथरूडला सोसायटीत राहतो, दोन पार्किंग आहेत, एकात कॅम्परव्हॅन असते. बायको म्हणते अॅपवर टाकू, बॅचलर पोरं झोपायला येतील. कसं वाटतं?

उत्तर : वहिनींचा उत्साह आवडला पण नाही. पार्किंग तुमच्या नावावर असलं तरी मालकीचं नसतं, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये मुंबईच्या पांचाली सोसायटीच्या केसमध्ये स्टिल्ट (इमारतीखालच्या खांबांमधलं) आणि ओपन पार्किंग हा सामायिक भाग धरला. तिथे कुणी रात्री झोपला आणि खालच्या नळावर दात घासायला गेला की दुसऱ्याच दिवशी कमिटीची नोटीस येणार. मुळशी-भोरकडे कुणा नातेवाइकाचं घर असलेली शेतजमीन असेल तर तिथे उभी करा आणि वरचं उत्तर वाचा.

प्रश्न : बुकिंग अॅपवरून घेतलं तर जीएसटी नंबर काढावा लागतो का? माझी एकच व्हॅन आहे, पन्हाळ्याजवळ.

उत्तर : सेवांसाठी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची गरज नाही, आणि नोंदणी नसलेल्या यजमानाच्या राहण्याच्या बुकिंगवरचा जीएसटी अॅपवाली कंपनीच भरते. ७,५०० रुपयांपर्यंतच्या रात्रीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. कमिशन मात्र ते वेगळं कापतात, ते रेट ठरवतानाच धरा, आणि रेट आसपासच्या साध्या रूमपेक्षा थोडा कमीच ठेवा, कारण व्हॅनमध्ये उंच माणसाला वाकून उभं राहावं लागतं. लिस्टिंगमध्ये आतली उंची फुटांत लिहून टाका, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.